आत्याची ड्युटी, नीटचा फॉर्म आणि दुसरी पदवी

पत्र : मी बार्शीची, वय २२. २०२१ मध्ये बारावी झाले. त्याच वर्षी आणि नंतर वर्षभर घरी बसून अभ्यास करून २०२२ मध्ये नीट दिली, पण एमबीबीएसला नंबर लागला नाही. मग प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले. २०२५ मध्ये शेवटच्या वर्षाच्या परीक्षेबरोबर पुन्हा नीट दिली आणि ३२७ गुण मिळाले (जीवशास्त्र २३१, रसायनशास्त्र ६८, भौतिकशास्त्र २८). माझी आत्या सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. ती म्हणते, बी.एस्सी. नर्सिंग कर, रिकामी बसणार नाहीस. माझ्या मनातून मात्र डॉक्टर होणे जात नाही. नर्सिंगला प्रवेश घेऊन दरवर्षी नीट देत राहिले, तर निदान दवाखान्याच्या आत तरी असेन आणि तिथला अभ्यास नीटलाही उपयोगी पडेल, असे वाटते. वडिलांचे शिवणकामाचे दुकान आहे, धाकटा भाऊ अकरावीत आहे. एक पदवी हातात असताना ही दुसरी पदवी घ्यावी का?

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या ‘निदान’ या शब्दापाशी मी थोडी थांबले. वैद्यकात या शब्दाला केवढे वजन आहे आणि तुम्ही मात्र तो ‘एवढे तरी पदरात पडो’ अशा अर्थाने वापरला आहे. मी बरीच वर्षे नर्सिंग महाविद्यालयात शिकवले. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थिनींच्या तोंडून हे ‘निदान’ इतक्या वेळा ऐकले आहे, की ते म्हणणाऱ्या मुलीचे पहिले सत्र कसे जाणार याचा अंदाज मला तिथेच येऊ लागला होता.

तुमच्या त्या एका वाक्यात दोन समजुती आहेत. नर्सिंगचा अभ्यास नीटला उपयोगी पडेल, ही त्यातली दुसरी समजूत आधी घेते, कारण ती कागदावर तपासून पाहता येते. भारतीय परिचर्या परिषदेचा सुधारित अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि आठ सत्रांचा आहे. पहिल्या सत्रात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, संवादासाठीचे इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशनचा पहिला भाग असतो, तर दुसऱ्या सत्रात बायोकेमिस्ट्री, पोषण व आहारशास्त्र, नर्सिंगमधले माहिती-तंत्रज्ञान आणि फाउंडेशनचा दुसरा भाग येतो. पुढे मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी, मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती आणि सामुदायिक आरोग्य असा क्रम लागतो. या सगळ्यात घूर्णन गती, प्रकाशशास्त्र किंवा विद्युतधारा कुठेही नाही. बायोकेमिस्ट्री आहे, पण कार्बनी रसायनातल्या अभिक्रियांची यंत्रणा किंवा रासायनिक समतोल तिथे कोणी शिकवत नाही. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. त्यातले ३६० जीवशास्त्राला, १८० रसायनशास्त्राला आणि १८० भौतिकशास्त्राला. आता तुमचे गुण याच्याशेजारी मांडून पाहा. जीवशास्त्रात तुम्ही ३६० पैकी २३१ पर्यंत पोचलेल्या आहात, आणि भौतिकशास्त्रात १८० पैकी २८ वर आहात. तुमचे भगदाड जिथे आहे, नेमक्या त्याच जागी नर्सिंगच्या चार वर्षांत एकही तास नाही.

जीवशास्त्राचे तरी काय, असे तुम्ही म्हणाल. नीटच्या जीवशास्त्राचा मोठा हिस्सा वनस्पतिशास्त्राचा आहे आणि तो वॉर्डात भेटत नाही. मानवी शरीराबद्दल तुम्हाला नीटला लागते त्यापेक्षा कितीतरी खोल कळू लागेल, हे खरे. पण नीटचा प्रश्न एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या ओळीवर येतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला दिवसभरात पाणी किती द्यायचे, हे तुम्हाला येते की नाही ते तो विचारत नाही. माझ्या वर्गातल्या हुशार मुलींची यातच फसगत व्हायची. त्यांना वाटे, आपण रोज शरीरशास्त्रच तर करतो आहोत. प्रत्यक्षात बारावीचे पुस्तक दर महिन्याला थोडे थोडे विसरले जात असे.

वेळेचे गणित तर याहून कठीण आहे. परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रॅक्टिकल या दोन्हींची ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाची, हजेरी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. आजारी पडलात तरी ती ड्युटी पुढे भरून काढावीच लागते, मग नीटच्या सराव परीक्षेसाठी दोन दिवस कुठून मिळणार? विद्यार्थिनीचा दिवस कसा जातो, तो सांगते. सकाळी गणवेशात वॉर्डात हजर राहायचे, रात्रपाळीच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती आणि जबाबदारी, घेतला जात असताना वही घेऊन मागे उभे राहायचे, मग बेड-मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) मोजणे, बीपी, औषधांची ट्रॉली, ड्रेसिंग. दुपारी वर्ग. संध्याकाळी होस्टेलवर केअर प्लॅन, प्रोसिजर बुक आणि ट्यूटरने लाल शाईने परत पाठवलेली केस स्टडी. शेवटच्या सत्रातली २२ आठवड्यांची इंटर्नशिप तर जवळजवळ नोकरीच असते. या सगळ्यात रोज चार तास भौतिकशास्त्र करणारी मुलगी मी पाहिली आहे. एकच पाहिली, आणि तिचीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

ती तिसऱ्या वर्षात होती. दोन वेळा नीट देऊन झाली होती आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरला होता. स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात तिची रात्रपाळी होती. गणवेशाच्या खिशात सूत्रांची घडी घातलेली चिठ्ठी असायची, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि आम्ही त्याकडे कौतुकानेच पाहत होतो. पहाटे दोनच्या सुमारास इन्चार्ज सिस्टर दुसऱ्या टोकाच्या रुग्णाकडे गेल्या, तेव्हा ही टेबलावरच्या दिव्याखाली एक गणित सोडवायला बसली. आठ नंबरच्या बेडवरचे सलाईन संपले. बाटली रिकामी झाली, नळीत रक्त वर चढू लागले, आणि ते आधी पाहिले बेडखाली चटईवर झोपलेल्या म्हातारीने. ‘बाई, नळी लाल झाली’ असे ती हळूच म्हणाली, ओरडलीसुद्धा नाही. रुग्णाला काही झाले नाही. सुई बदलावी लागली, एवढेच. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतःहून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “मॅडम, माझे उत्तर बरोबर आले होते.” पुढे तिला बोलता येईना. त्या वर्षी नीटला ती बसली नाही. आज ती डायलिसिस विभागात काम करते आणि माझ्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनींपैकी एक आहे, पण त्या चिठ्ठीबद्दल ती अजूनही स्वतःहून बोलत नाही.

याच्या उलटही एक उदाहरण आहे, ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुसरी एक विद्यार्थिनी पहिल्या वर्षाच्या अखेरीस नीट देऊन एमबीबीएसला गेली आणि आज डॉक्टर आहे. मात्र प्रवेश घेताना तिची जागा थोडक्या गुणांनी हुकलेली होती, भौतिकशास्त्र तिचे पक्के होते आणि नर्सिंगला आल्यावर तिने तो एकच प्रयत्न केला. तिला थोडेसे पुढे ढकलण्याची गरज होती. तुम्हाला पाया घालण्याची गरज आहे, आणि पाया घालायला वेगळे, मोकळे महिने लागतात.

गुणांबद्दल एक सावधगिरी. २०२४ चे आणि २०२५ चे गुण एकमेकांशेजारी ठेवून निराश किंवा आनंदित होऊ नका. २०२४ च्या अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते, तर २०२५ मध्ये देशात सर्वोच्च गुण ६८६ होते, कारण त्या वर्षीचे भौतिकशास्त्र भल्याभल्यांना जड गेले. म्हणून नेहमी गुणांऐवजी क्रमांक पाहा आणि आपल्या प्रवर्गात मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला मिळाला, त्याच्याशी तो ताडून पाहा. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक जण परीक्षेला बसले, त्यातले १२ लाखांहून अधिक पात्र ठरले, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सरकारी व खासगी मिळून सव्वा लाखाच्या आसपास आहेत. पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांत केवढे अंतर आहे, ते यावरून दिसेल. ‘क्वालिफाय झाली’ असे नातेवाइकांत सांगितले जाते, त्याला प्रवेशाच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो.

वयाची काळजी तुम्ही पत्रात केलेली नाही, पण ओळींमधून ती जाणवते. नीटसाठीची कमाल वयाची अट २०२२ मध्येच काढून टाकण्यात आली, त्यामुळे दार बंद होणार नाही. तरीही वर्षे मोजून पाहा. २०२६ मध्ये नर्सिंगला गेलात, तर पदवी २०३० मध्ये मिळेल. त्यानंतर एमबीबीएसला प्रवेश मिळाला, तर साडेचार वर्षे आणि एक वर्षाची इंटर्नशिप धरून तुम्ही तेहतिशीला याल, आणि पदव्युत्तर शिक्षण त्यापुढचे. नर्सिंगची चार वर्षे झाली म्हणून एमबीबीएसचे एकही वर्ष कमी होत नाही, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोय आपल्याकडे नाही. त्याच न्यायाने, तुमच्या प्राणिशास्त्राच्या पदवीमुळे नर्सिंगचेही वर्ष वाचणार नाही. प्रवेश बारावीच्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र), इंग्रजी आणि सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवरच होईल. जी मुले ‘एक डिग्री आहेच, दुसरी लवकर होईल’ या हिशेबाने येतात, त्यांना पहिल्या आठवड्यात अठरा वर्षांच्या मुलींबरोबर बेडच्या चादरीचा कोपरा घडी घालायला शिकताना फार जड जाते. तुम्हाला ते जड जाईल का, याचे उत्तर माझ्यापेक्षा तुम्हालाच लवकर मिळेल.

मध्येच सोडून जायची वेळ आली तर काय होते, तेही आधीच माहीत असलेले बरे. पहिल्या वर्षानंतर रिकामी झालेली जागा त्या तुकडीपुरती रिकामीच राहते. जिला ती हवी होती, ती मुलगी तोपर्यंत दुसरीकडे गेलेली असते. काही खासगी महाविद्यालये प्रवेश रद्द करताना उरलेल्या वर्षांची फी मागतात आणि मूळ कागदपत्रांवरून अडवणूक करतात. आणि इकडे एमबीबीएसच्या फेरीत तर हजर होण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात. म्हणून प्रवेशाआधी रद्द करण्याचे नियम लेखी मागा आणि सगळ्या कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती घरी ठेवा. फीच्या बाबतीत, राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो, संस्थेच्या कोट्यातून नव्हे. तुमची ही दुसरी पदवी असल्यामुळे सवलत लागू होईल का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात प्रवेशाआधी विचारा. ‘नंतर बघू’ हे उत्तर मान्य करू नका. दोन वर्षांनी भावाच्या प्रवेशाचीही फी उभी राहणार आहे, आणि शिवणकामाच्या दुकानावर दोन्ही ओझी एकदम पडतील.

आता तुमच्या पहिल्या समजुतीकडे येते : ‘दवाखान्याच्या आत तरी असेन’. आत असण्याचे दोन प्रकार आहेत. डॉक्टर राउंडला येतात, बेडशी काही मिनिटे थांबतात, तपासतात, ठरवतात, लिहितात आणि त्या निर्णयाची जबाबदारी घेऊन पुढे जातात. नर्स पूर्ण पाळीभर तिथे असते. लघवी कमी झाली, श्वासाची लय बदलली, काल बोलणारा माणूस आज भिंतीकडे तोंड करून पडला आहे, हे आधी तिच्या लक्षात येते आणि डॉक्टरांना ते तीच सांगते. एक काम वरचे आणि दुसरे खालचे असे मी मानत नाही, ही दोन वेगवेगळी कामे आहेत. ज्या मुलीला रोग शोधून काढण्याची ओढ आहे, ती नर्सिंगमध्ये आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत राहते. ज्या मुलीला माणूस बरा होताना जवळून पाहायचा आहे, तिला एमबीबीएसनंतर कधीकधी कळते, की आपल्याला हवे होते ते दुसऱ्याच टेबलाशी होते. तुम्हाला डॉक्टर व्हायचे आहे असे तुम्ही लिहिलेत, पण का व्हायचे आहे याबद्दल दोन पानांच्या पत्रात एकही ओळ नाही. दारावरची पाटी हवी असणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त ते स्वतःशी तरी कबूल करावे.

आत्याच्या ‘रिकामी बसणार नाहीस’ या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ती सांगते त्याहून अधिक आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘स्टाफ नर्स’ हे पदनाम बदलून ‘नर्सिंग ऑफिसर’ केले. एम्सच्या नॉरसेट परीक्षेतून मिळणाऱ्या या पदाचे मूळ वेतन सातव्या स्तरावर ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. मात्र तिथे वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३० आहे (राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते), म्हणजे नीटला वयाची मर्यादा नसली तरी या रस्त्याला आहे, आणि सत्ताविसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्या तुमच्या हातात मोजकेच प्रयत्न उरतील. याशिवाय उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली काम करतात. रक्तदाब, मधुमेह, गरोदर बायका, ताप-खोकला या सगळ्यासाठी गावातला माणूस आधी त्यांच्याकडेच येतो. एक वर्षाच्या अनुभवानंतर एम.एस्सी. नर्सिंग करता येते, अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी अभ्यासक्रमही आहे. लग्नाच्या बाजारात रात्रपाळीवरून नाके मुरडली जातात, हे खरे असले तरी त्याबद्दल मी इथे जागा खर्च करणार नाही.

मग करावे काय? मला विचाराल, तर पुढच्या मे महिन्यापर्यंतचे दिवस पूर्णपणे अभ्यासाला द्या आणि नीट व राज्य सीईटी कक्षाची बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी अशा दोन्ही परीक्षांना बसा. नर्सिंगच्या सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता यांचे प्रत्येकी २० प्रश्न असतात, म्हणजे १०० पैकी ६० ची तयारी नीटबरोबरच होते. दोन होड्यांत पाय ठेवल्यासारखे हे दिसेल, पण परीक्षेपर्यंत होडी एकच आहे. दोन होतात त्या प्रवेशानंतर.

सुरुवात मात्र भौतिकशास्त्रापासून करा. पुढचे आठ आठवडे अकरावी-बारावीची तेवढीच पुस्तके घ्या आणि नवव्या आठवड्यापासून मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतला फक्त भौतिकशास्त्राचा भाग तासाभराचे घड्याळ लावून सोडवा. एक रविवार, एक भाग. १८० पैकी ९० च्या पुढे जात असाल, तर मे महिन्यापर्यंत जोर लावा, कारण तुमचे जीवशास्त्र तुम्हाला उचलून धरेल. पन्नाशीच्या आसपासच राहत असाल, तर नीटला बसा, पण तिच्या भरवशावर राहू नका. आकडे माझ्या अनुभवातले आहेत, कोणत्या नियमातले नव्हेत, तरी अशी एक रेघ आधी आखून ठेवली नाही, तर जूनमध्ये निकाल लागल्यावर मन पुन्हा ‘अजून एकदा’ म्हणू लागते.

निकालानंतरच्या प्रवेश फेऱ्यांत जागा मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली आणि नर्सिंगला गेलात, तर पहिल्या वर्षी नीटचा आणखी एक प्रयत्न करायला माझी हरकत नाही. त्याची किंमत फार तर एक वर्ष आणि एका वर्षाची फी आहे. दुसरे वर्ष सुरू झाले, की मात्र पदवी पूर्ण होईपर्यंत नीटचा फॉर्म भरू नका. तिथून पुढे तुमच्या हातात औषधे येतात, आणि आठ नंबरच्या बेडवरचा माणूस तुमचा चौथा की पाचवा प्रयत्न चालू आहे ते जाणत नाही. पदवीनंतर नोकरी करून, चार पैसे बाजूला टाकून, तेव्हाही डॉक्टर व्हावेसे वाटले तर परीक्षा तिथेच आहे, आणि तेव्हा तुम्ही ती वडिलांच्या पैशावर देणार नाही.

हे ठरवण्याआधी या आठवड्यात एक करा. आत्याची रात्रपाळी कधी आहे ते विचारा आणि ती संपवून ती सकाळी बाहेर येईल, तेव्हा रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन थांबा. घरी चहाबरोबर आत्या नर्सिंगबद्दल जे सांगते, ते भाचीसाठी सांगितलेले असते. रात्रभर जागून, पायातल्या चपलांकडे पाहत चालत येताना ती जे सांगेल, ते ऐका. तिला पगाराचे विचारू नका. काल रात्री वॉर्डात काय झाले, तेवढेच विचारा. मग घरी येताना तुम्हाला आणखी ऐकावेसे वाटते, की तुमचे लक्ष त्या हकिकतीतल्या डॉक्टरांनी काय लिहून दिले याकडेच जाते, ते मला कळवा.